सुरई धरलेला माणूस

महाल, नागपूर
८ जानेवारी २०२४

आदरणीय सर,
नमस्कार.

परवा फोन केला होता, प्रीतीवहिनींनी उचलला. म्हणाल्या, बाबांना फोनवर काहीच ऐकू येत नाही, कानाचं मशीन लावलं तरी नुसती घरघर. म्हटलं, मग आपलं जुनंच बरं. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला लिहायला बसले की अक्षर आपोआप नीट येतं.

बातमी अशी की मला एक मोठी भिंत मिळाली आहे. वर्धा रोडवर ‘दरबार-ए-इस्तंबूल’ नावाचं हॉटेल उघडतंय. मालक पियुष म्हणून एक तरुण मुलगा आहे. तुर्कस्तान फिरून आला आणि येताना एका जुन्या चित्राचं पोस्टर घेऊन आला. मला म्हणे, ‘मॅडम, सेम असंच पाहिजे, पण आपल्या लोकांले आपलं वाटलं पाहिजे.’

मूळ चित्रकार व्हानमूर. युरोपातला. तीनशे वर्षांपूर्वी फ्रेंच वकिलाबरोबर, म्हणजे राजदूताबरोबर, इस्तंबूलला गेला आणि मरेपर्यंत तिथंच राहिला. दरबार रंगवला, शहरही रंगवलं: शिपाई, न्हावी, लग्नाच्या वराती. माझ्या पोस्टरमध्ये डच वकील सुलतानासमोर आला आहे. दोन माणसांनी त्याचे दंड दोन्ही बाजूंनी धरलेत, तशी तिथली रीतच होती म्हणे. सुलतान सिंहासनावर, बाकी सगळे हात बांधून उभे. लाल रंग असा आहे की पाहत राहावं.

अडचण एकच. माणसं खूप आहेत, आणि माझे चेहरे सगळे एका साच्यातून काढल्यासारखे येताहेत. काय करू?

तुमची,
उत्तरा


बुटीबोरी
१५ जानेवारी २०२४

चि. उत्तरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अस्मितानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग मी पुन्हा एकट्यानं वाचलं. माझी ही नात सातवीत आहे, पण ‘वकिलाचे दंड का धरले, त्यानं काय केलं होतं?’ असं विचारत बसली. मी सांगितलं, काही केलं नव्हतं, पाहुणा होता.

चित्र मी पाहिलेलं नाही, पण मला एक प्रश्न पडला. त्या चित्रकाराला दरबारात उभं राहायला जागा कुठं दिली असेल? इतकी वर्षं त्या गावात राहिला, तरी दरबारात तो पाहुण्यांच्या बाजूनंच शिरणार. म्हणजे जे दिसलं ते त्या कोपऱ्यातून. तू भिंतीसमोर उभी राहशील तेव्हा आपण कुठून पाहतोय, एवढं एकदा मनाशी ठरव. बाकी हात आपोआप चालतो.

चेहऱ्यांचं म्हणशील तर ओळखीचे घे. एकाचं नाक, दुसऱ्याचा कान असं करू नकोस. अख्खा माणूस घे. खाप्याच्या शाळेत तू आठवीत असताना बाजाराचं चित्र काढलं होतंस, त्यात कन्हानच्या वांग्यांवाल्या बाईला सगळ्या वर्गानं ओळखलं होतं. तसं.

लेकाला, नागसेनला, कंपनीत सध्या रात्रपाळी आहे. बाकी क्षेम.

तुझा,
धम्मानंद सर


महाल, नागपूर
२ मार्च २०२४

आदरणीय सर,
नमस्कार.

भिंत झाली! तुमचा सल्ला अक्षरशः मानला. सुलतान म्हणजे पियुषचे वडील, ही त्याचीच अट होती. वकील म्हणजे आमच्या गल्लीतला बँकेतला ऋषिकेश, पांढऱ्या टोपात इतका शोभतो की त्याची बायकोच हसत सुटली. कोतवाली चौकातले दोन दुकानदारही आहेत, माझी कॉलेजची मैत्रीण कामिनी जाळीमागून डोकावते आहे.

आणि सर, तुम्हीही आहात! कोण ते सांगत नाही. येऊन शोधायचं.

अस्मिताचा वाढदिवस या महिन्यातच ना? सगळे या. पियुषला सांगून ठेवते. मी नेमकी त्या आठवड्यात अमरावतीला आहे, पण तुम्ही पाहिल्याशिवाय मला चित्र पूर्ण झाल्यासारखं वाटणार नाही.

तुमची,
उत्तरा


बुटीबोरी
१९ मार्च २०२४

चि. उत्तरा,
आशीर्वाद.

रविवारी आम्ही जाऊन आलो. जेवण चांगलं होतं. अस्मिताला तिथले रंगीत दिवे आवडले. गालिच्याचा लाल तुला साधला आहे, वकिलाच्या झग्याच्या चुण्याही.

उन्हं वाढली आहेत. प्रकृतीला जप.

धम्मानंद


महाल, नागपूर
२३ मार्च २०२४

आदरणीय सर,
नमस्कार.

इतकं छोटं पत्र? आणि तुम्ही सापडलात की नाही ते लिहिलंच नाहीत! चष्मा नेला नव्हता की काय?

मग मीच सांगते. भिंत जिथं संपते तिथं हात धुवायचं बेसिन आहे. तो कोपरा रिकामा वाटत होता. पियुष म्हणाला, इथं कोणी तरी पाणी घालणारा दाखवा, म्हणजे लोकांना कळेल हात कुठं धुवायचे. मूळ चित्रात असा माणूस नाही. मी घातला. एका हातात तोटीची सुरई, दुसऱ्या हातात पाणी झेलायचं तस्त, किंचित वाकलेला, मान खाली. तो म्हणजे तुम्ही!

सर, सगळ्या भिंतीत मी सर्वांत जास्त त्या चेहऱ्यावर राबले. कपाळावरच्या रेषा, डोळ्यांखालची ती सावली. सुलतान दोन दिवसांत उरकला, तुमच्यासाठी आठवडा घेतला. उजेडही सगळा तिथंच पडतो. येणारा प्रत्येक माणूस तुमच्यापाशी थांबतो. सुरईखाली ओंजळ धरून फोटो काढतात, पियुषनं तर तिथं ‘सेल्फी पॉइंट’ अशी पाटीच लावली आहे.

खरं सांगा, आवडलं ना?

तुमची,
उत्तरा


बुटीबोरी
२१ एप्रिल २०२४

उत्तरा,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसत होतो आणि उठत होतो. मध्ये चौदा एप्रिल झाला. विहारात मुलांना मी दरवर्षी चार शब्द सांगतो. यंदा सांगितले नाहीत. घसा बसलाय म्हणालो. घसा बसला नव्हता.

मी सापडलो होतो. आत शिरलो तेव्हा नाही, जेवण झाल्यावर. हात धुवायला गेलो तर तिथं तीन-चार मुलं फोटो काढत होती. एकानं मला म्हटलं, ‘काका, थोडं सरका न, फोटो काढून राहिलो.’ मी सरकलो. मग तो भिंतीकडं पाहायला लागला, मग माझ्याकडं. ‘अबे, हे तं तेच काका हायेत! सेम टू सेम!’ बाकीचे धावत आले. मी वर पाहिलं तेव्हा मला मी दिसलो.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी मास्तर म्हणून सांगतो. आनंदानं ओरडत होती पोरं. एक म्हणाला, ‘काका, त्याच्या बाजूनं तसेच उभे राहा न, एकच फोटो.’ दुसऱ्यानं माझ्या हातात टेबलावरचा पाण्याचा जग दिला.

आणि उत्तरा, मी वाकलो.

का वाकलो, ते मला अजून नीट सांगता येत नाही. नातीचा वाढदिवस होता. गोंधळ नको वाटला. पोरं हसत होती म्हणून मीही हसलो. जग हातात होता. वाकून झाल्यावर कळलं.

माझे वडील, देवाजी, गावात पाणी प्यायचे ते ओंजळीनं. वरून कोणी तरी ओतायचं, खाली हे वाकलेले. भांड्याला हात लागू नये म्हणून. छप्पन साली दीक्षेला आले तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर होतो, मला काही आठवत नाही. पण परत जाताना ते आईला काय म्हणाले, ते तिनं आम्हाला शंभरदा सांगितलं आहे: ‘आता कोनासमोर कंबर वाकवाची नाई. पोरायनं तं नाईच नाई.’ मी खाप्याच्या शाळेत इतकी वर्षं काढली. तिथं हेडमास्तरसमोरही कधी वाकलो नाही. वाकलो ते एका फोनसमोर, हसत हसत.

तेवढ्यात अस्मिता आली. मुलं गेली होती. ती भिंतीकडं बघून म्हणाली, ‘आजोबा, हे तुम्ही आहात का?’ मी म्हणालो, ‘नाही गं. माझ्यासारखा दिसणारा कोणी तरी आहे.’ आणि टेबलावर जाऊन भिंतीकडं पाठ करून बसलो. नागसेनला काही सांगितलं नाही. तो गप्प बसणाऱ्यातला नाही.

ओळखीचे चेहरे घे, असं मीच तुला लिहिलं होतं. ते मी विसरलेलो नाही.

आवडलं का, असं विचारलंस. चेहरा उत्तम आहे.

धम्मानंद


महाल, नागपूर
२६ एप्रिल २०२४

आदरणीय सर,

काय लिहू? तुमचं पत्र वाचून मी तशीच स्कूटर काढली आणि हॉटेलवर गेले. भर दुपारी एक कुटुंब तिथं फोटो काढत होतं. एक लहान मुलगी तुमच्या सुरईखाली हात धरून ‘पाणी दे, पाणी दे’ करत होती. मला तिथं उभं राहवेना.

मी आईशपथ सांगते सर, माझ्या मनात तसलं काहीही नव्हतं. मी जात-पात कधी मानली नाही, तुम्हाला माहीत आहे. तुमचा चेहरा मला सगळ्यांत सुंदर वाटतो म्हणून मी तो सगळ्यांत पुढं घेतला. एवढंच. आता हे लिहितानाही कळतंय की हे सांगून काही होत नाही.

पियुषला म्हटलं, मला तो कोपरा बदलायचा आहे. एका दिवसाचं काम. तो म्हणाला, ‘मॅडम, पागल झाल्या का? सगळ्यात हिट तोच पॉइंट आहे. लोक त्याच्यासाठी येऊन राहिले. आणि कोणाले कळते का तो कोण आहे?’ मी पुष्कळ सांगितलं. शेवटी म्हणाला, ‘भिंत माझी आहे.’

पण मला एक सुचलं आहे. सुलतानाचा चेहरा बदलायला मी त्याच्या वडिलांनाच राजी करते, ते भले गृहस्थ आहेत. तिथं तुम्हाला बसवते. सिंहासनावर. मग अस्मिताला घेऊन या आणि दाखवा. तुम्ही फक्त हो म्हणा.

मला फार लाज वाटते आहे.

उत्तरा


बुटीबोरी
३ मे २०२४

उत्तरा,

मला सुलतान करू नकोस. कोणाला खाली उभं करून मला वर बसायचं नाही. भिंतीचं राहू दे. ती तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही.

माझ्या मनाला दुसरंच खातं आहे. मी अस्मिताशी खोटं बोललो. ती पोर मला चित्रातलं सगळं विचारते आणि मी सांगतो ते खरं मानते. त्या दिवसानंतर तिनं मला चित्रकलेचं काही विचारलेलं नाही. वही उघडते, मी खोलीत आलो की मिटते.

तू ये. तिला सांग की तो मीच आहे, आणि तू तिथं मला घातलंस. मी सांगितलं तर मी तुला दोष देतोय असं होईल, किंवा तुला पाठीशी घालतोय असं होईल. दोन्ही मला नको.

बारा तारखेला, रविवारी सकाळी ये. मी वंदनेला विहारात असेन. नागसेन-प्रीतीही बाहेर जाणार आहेत. तुमचं बोलणं होईस्तोवर मी परतणार नाही.

धम्मानंद


महाल, नागपूर
१३ मे २०२४

आदरणीय सर,

काल मी तुम्हाला न भेटताच निघून आले. फाटकापाशी तुम्ही येताना दिसलात आणि मी मागच्या रस्त्यानं स्कूटर काढली. तुम्ही पाहिलंत, हे मला माहीत आहे. का पळाले, ते लिहिते.

अस्मितानं मला पाणी दिलं, पंखा लावला, समोर बसली. मी पाठ करून गेले होते तसं सांगितलं. तो माणूस तुझे आजोबाच आहेत. मी काढले. त्यांना न विचारता काढले. त्यांना ते बघून लाज वाटली म्हणून ते तुला नाही म्हणाले.

तिनं विचारलं, ‘पण आजोबांनाच काहून?’

मी म्हटलं, मला त्यांचा चेहरा फार आवडतो.

ती म्हणाली, ‘तुमच्या बाबांचा नाही आवडत?’

‘आवडतो की.’

‘मग ते हायेत का चित्रात?’

सर, बाबा आहेत चित्रात. मीच काढलेत. आणि त्या क्षणापर्यंत मला ते आठवलंसुद्धा नव्हतं.

‘आहेत,’ म्हटलं.

‘ते काय करून राहिले?’

‘बसले आहेत.’

‘कुठं?’

‘सुलतानाच्या बाजूला. गादीवर.’

ती नुसतं ‘बरं’ म्हणाली. मग ग्लास उचलून आत घेऊन गेली. मला वाटलं येईल, पण ती आली नाही. म्हणून मी निघाले.

रस्त्यात बुटीबोरीच्या पुलाखाली गाडी थांबवून बसले. माझ्या पोस्टरमध्ये सुलतानाशिवाय कोणीच बसलेलं नाही, सर. वजीरसुद्धा उभे आहेत. बाबांना मीच बसवलं आणि वर लोडही दिला. सुरईवाला मी घातलेला, बसलेला माणूसही मी घातलेला. व्हानमूरच्या चित्रात यातलं काहीच नव्हतं.

मग हे आलं कुठून? मला चित्रकलेच्या कॉलेजात पाठवा, असं बाबांना सांगायला तुम्ही आमच्या खाप्याच्या घरी आला होतात. बाबा दिवाणावर बसले होते, लोडाला टेकून. तुम्ही अंगणात उभे होतात. माझी चित्रं तुम्ही एकेक करून ओसरीच्या काठावर मांडत होतात, बाबांना बसल्या जागेवरून दिसावीत म्हणून. वाकून. मी दारात उभी राहून पाहत होते. पाठीचा तो बाक मी तिथूनच उचलला. जसाच्या तसा.

तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं, आपण कुठून पाहतोय ते ठरव. मी आमच्या दारातून पाहत होते.

पुन्हा यावं का, तुम्ही सांगाल तसं.

उत्तरा


बुटीबोरी
२४ मे २०२४

उत्तरा,
जय भीम.

तुझ्या वडिलांना, बाबारावांना, मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. भिंतीवर नजर टाकली की गादीवर बसलेला माणूस लपत नाही. तुला लिहिलं नाही, कारण ते तुझं तुला दिसतं का, हे मला पाहायचं होतं. मास्तरकीची खोड. दिसलं, हे बरं झालं. पण ते दिसायला माझ्या नातीला विचारावं लागलं, याचं मला वाईट वाटलं. तिच्या वयाला ते प्रश्न यायला नकोत.

अस्मितानं नागसेनला सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून थेट हॉटेलात गेला. मारामारी केली नाही, आवाजही चढवला नाही असं म्हणतो. कामावरचे सात-आठ मित्र सोबत उभे होते, एवढंच. मालकानं तासाभरात रंगारी बोलावला. आता तिथं चेहऱ्याच्या जागी क्रीम कलरचा एक गोळा आहे. अंग तसंच आहे, वाकलेलं, हातात सुरई. पाटीही तशीच आहे. लोक अजून ओंजळ धरतात म्हणे.

त्यानंतर मी अस्मिताला बसवून उरलेलं सांगितलं. की मी त्या पोरांसाठी जग घेऊन वाकलो होतो. ती म्हणाली, ‘मले माहीत होतं आजोबा. मी खांबाजवळ उभी होती.’ म्हणजे तिनं सगळं पाहून मग मला विचारलं होतं, आणि मी नाही म्हणालो होतो.  तिनं चित्रकलेची वही आणली आणि हात कसा काढायचा ते विचारलं. मी दाखवलं. 

यावं का, असं विचारलंस. सध्या येऊ नकोस. राग म्हणून सांगत नाही. तू आलीस की रडशील, आणि मला तुझी समजूत काढावी लागेल, ‘जाऊ दे, तुझा काय दोष’ असं म्हणावं लागेल. मी म्हणेनही, इतक्या वर्षांची सवय आहे. ते मला आता म्हणायचं नाही.

बाबारावांना तू हे सांगितलंस का?

धम्मानंद


महाल, नागपूर
३ जून २०२४

आदरणीय सर,
जय भीम.

तुम्ही विचारलंत म्हणून फक्त तेवढ्याचं उत्तर लिहिते.

काल खाप्याला गेले होते. बाबा दिवाणावरच होते. मोबाईलवर त्यांनी तो गादीवर बसलेला फोटो ठेवला आहे, आल्यागेल्याला दाखवतात. मी त्यांना सगळं सांगितलं, अस्मिताचे प्रश्नसुद्धा. ते ऐकत होते. मग चिडले.

‘अवं, मास्तरले मी बसाले म्हटलं होतं. तेच नाई बसले. इच्यार तुह्या आईले.’

मी विचारलं, ‘कुठं बसायला म्हटलं होतं, बाबा?’

त्यांनी हातातला मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. अंगणाकडं पाहत राहिले. मग मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले,

‘पायरीवर.’

आणि मान खाली घातली. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं मी भांडेन, पण मला भांडता आलं नाही, आणि जाऊ द्या असंही म्हणता आलं नाही. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले होते. आत आईनं ताटं वाढली होती, ती हाका मारत होती. आम्हा दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

उत्तरा